फवारणी पंपाच्या टाकीला तडा

पाठीवरच्या पंपाची टाकी गळू लागली की औषध आपल्या पाठीवर उतरते व कातडीतून अंगात भिनते. म्हणून बारीक तडाही क्षुल्लक मानू नये.

कारण : उन्हात राहिल्याने प्लॅस्टिक ठिसूळ होते. मग भरलेली १६ लिटरची टाकी आपटली की ती तळाशी किंवा पट्ट्याच्या कडीजवळ तडकते.

तपासणी : औषध घालण्यापूर्वी टाकी साध्या पाण्याने भरावी, बाहेरून कोरडी पुसावी व दहा मिनिटांनी ओल दिसते का ते पाहावे.

उपाय : या प्लॅस्टिकला गोंद नीट धरत नाही. तापवून जोडल्यास मुरलेल्या औषधाची विषारी वाफ छातीत जाते. टाकी बदलणेच बरे. जुनी टाकी पाण्यासाठी किंवा गुरांच्या खाद्यासाठी वापरू नये.

निगा : काम संपताच टाकी तीनदा धुवावी. ते पाणी विहीर-ओढ्यापासून दूर, फवारलेल्या शेतातच टाकावे. टाकी रिकामी करून सावलीत ठेवावी.

औषध अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब उतरवून साबणाने अंग धुवावे. चक्कर, मळमळ किंवा फार घाम आल्यास औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रक घेऊन दवाखाना गाठावा.

टाकी दुकानात मिळते. देवाने दिलेला देह मिळत नाही.