देवाचे रान

सह्याद्रीच्या कुशीतील अनेक गावांच्या वेशीजवळ गर्द झाडीचा एक तुकडा आढळतो. आत काळकाई, वाघजाई किंवा भैरोबाचे ठाणे असते. पुष्कळदा नुसता शेंदूर लावलेला तांदळा, वर छप्परही नाही. अशा रानाला देवराई म्हणतात. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तरी ही कल्पना तुम्हांला अगदीच नवी वाटणार नाही. कर्नाटकातील देवरकाडू, केरळातील कावू आणि राजस्थानातील ओरण ही तिचीच भावंडे होत.

देवराईचा नियम कडक असतो. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही. पडलेली काटकीही घरी न्यायची नाही. गावाला लाकडाची गरज पडलीच, तर देवाला कौल लावून अनुमती घ्यायची. भोवतालचे डोंगर उघडे पडले, तरी या धाकामुळे देवराईत गारंबीचे अजस्र वेल, सातवीण, उंबर, बेहडा टिकून राहिले. पालापाचोळ्याच्या जाड थरातून पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि राईलगतचा झरा पुष्कळदा उन्हाळ्यातही वाहता राहतो.

या झऱ्याचे मोल गावकरी जाणून होते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या काळकाईच्या राईवर तोडीचे संकट आले होते. राई गेली तर पाणी जाईल, हे ओळखून गावकऱ्यांनी या दोघांचे साहाय्य मागितले, आणि राई वाचली.

मात्र श्रद्धा असली की रान सुरक्षित राहतेच, असे समजण्याचे कारण नाही. उलट देवस्थानाचा लौकिक वाढला की जीर्णोद्धार निघतो. सभामंडप, फरशी, वाहनतळ यांसाठी झाडे पडतात. देव तोच, नवसही तेच. रान तेवढे जाते! जुन्या श्रद्धेने 'हात लावू नका' एवढेच सांगितले होते. आता हात लावून काम करण्याची वेळ आली आहे.

म्हणून काही ठिकाणी गावकरी, विद्यार्थी आणि स्वयंसेवक देशी झाडांच्या रोपवाटिका करू लागले आहेत. देवाच्या रानातील बी उचलावे का, असे एखादी आजी विचारील, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. वाढलेले रोप राईच्याच उजाड काठावर लावले, म्हणजे देवाचे देवाकडे परत जाते. राईच्या गाभ्यात मात्र लावणी करू नये. तेथे रान आपले आपण उगवते.

बियांचेही स्वभाव असतात. जांभळाचे बी वाळवून ठेवता येत नाही, ते ताजेच पेरावे लागते. हिरड्या-बेहड्याचे कवच कठीण, म्हणून त्यांच्या बिया आधी पाण्यात भिजवतात. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतले, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ती भराभर वाढतात, म्हणून लोकांना आवडतात. पण देवराईच्या काठी त्यांचे काम नाही.

खरी कसोटी पुढेच असते. आषाढात लावणीला शंभर हात येतात, चैत्रात पाणी घालायला चारसुद्धा नसतात. निदान पहिली दोन-तीन वर्षे गुरांपासून रोपांची राखण करावी लागते.

शब्दार्थ
तांदळा – देव म्हणून पुजला जाणारा, न घडवलेला दगड
कौल लावणे – देवाची अनुमती विचारणे
जीर्णोद्धार – जुन्या देवळाची नव्याने उभारणी

पाठगत प्रश्न
१. गाणी येथील लोकांना राई का वाचवावीशी वाटली?
२. 'देव तोच, नवसही तेच. रान तेवढे जाते!' या वाक्यातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या देवस्थानाजवळची झाडे पाहा. त्यांतील देशी कोणती, बाहेरून आलेली कोणती, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.