मेझचा टोपो नकाशा : फुकट काय, खर्च कुठे

यूटामधल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात, त्यातही आडबाजूच्या मेझ भागात जायचं ठरवलंय? आधी नकाशा मिळवा. त्यासाठी पैसे मोजू नका.

कुठे मिळेल? यूएसजीएस या अमेरिकी सरकारी संस्थेच्या ‘टोपोव्ह्यू’ संकेतस्थळावर १:२४,००० प्रमाणाची शीट्स फुकट डाउनलोड होतात. खातं नको, ओळखपत्र नको. मेझच्या गाभ्यासाठी ‘एलाटराइट बेसिन’ आणि ‘स्पॅनिश बॉटम’ घ्या. हीच शीट्स काही जण विकतात. त्यांच्या नादी लागू नका. खर्च फक्त छपाईचा. मोठा कागद छापणाऱ्या दुकानात जा आणि १०० टक्के आकारातच प्रिंट मागा. तरच नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २४० मीटर. ए-फोरवर आक्रसून छापलात, तर मोजमाप वाया गेलं.

जुनं शीट घेतलं असेल, तर समासातला मजकूर वाचा. तिथे ‘एनएडी २७’ (नकाशातल्या ठिकाणांसाठीची जुनी संदर्भ-पद्धत) असेल, तर जीपीएसही त्याच सेटिंगवर ठेवा. नाहीतर तुमचं ठिकाण सुमारे २०० मीटरपर्यंत सरकू शकतं. शेजारच्या दरीत उतरायला तेवढं पुरतं.

समोच्च रेषांमधलं उंचीचं अंतरही बघा. ते ४० फूट असेल, तर ३० फुटांचा उभा कडा दोन रेषांमध्ये लपून राहू शकतो. रेषा विरळ दिसल्या म्हणून शॉर्टकट घेऊ नका.

मुक्कामाला परमिट लागतं : आरक्षणाचे ३६ डॉलर, शिवाय माणशी दर रात्री ५ डॉलर. चौघांच्या तीन रात्री म्हणजे ९६ डॉलर. बेत रद्द केलात, तर ते ३६ परत मिळत नाहीत. बुकिंगआधी चालू दर तपासा.

मोठा खर्च गाडीचा. हायवे २४ पासून उद्यानाच्या हॅन्स फ्लॅट रेंजर चौकीपर्यंत ४६ मैल कच्चा रस्ता. पुढे जमिनीपासून उंच, लो-रेंजची फोर-व्हील ड्राइव्हच हवी. गाडी अडकली, तर ओढून आणण्याचं बिल सहसा हजार डॉलरच्या वर जातं. भाड्याची गाडी असेल, तर कच्च्या रस्त्याला मनाई आहे का, ते करारात बघा. पेट्रोल, पाणी सोबत न्या. गाडीजवळ तंबू टाकणार असाल, तर स्वतःचं पोर्टेबल टॉयलेटही लागतं.

मोबाइलला रेंज नाही. त्यामुळे नकाशा कागदावर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवा. निघण्याआधी चौकीला फोन करून रस्त्याची स्थिती विचारा. पावसाचा अंदाज असेल, तर बेत पुढे ढकला.