हॉलच्या भिंतीवर वारली चित्रं

प्रश्न : बोईसरला नवा फ्लॅट घेतलाय. हॉलमध्ये वारली चित्रं हवीत. वॉलपेपर लावू की भिंत रंगवून घेऊ?

उत्तर : रंगवूनच घ्या. दिवंगत वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचं गंजाड गाव तुमच्या शेजारच्या डहाणू तालुक्यातलं. वारली चित्रकार इतक्या जवळ राहत असताना छापील कागद कशाला? शेणामातीच्या भिंतीवर गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, ही मूळ रीत. फ्लॅटमध्ये गेरूच्या छटेचा मॅट इमल्शन आणि पांढरा ॲक्रिलिक चालेल. रेघ मात्र बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्यानेच ओढायला सांगा. तिची किंचित थरथर ब्रशला येत नाही.

आधी ओल तपासा. पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटत असतील तर गळती काढून भिंत पूर्ण वाळू द्या.

चारही भिंती भरू नका, एकच पुरे. तारपा नाच, भातलावणी, ताडाची झाडं काढून घ्या, माणसं वीतभरापेक्षा लहान ठेवा, भोवती मोकळी जागा सोडा. लग्नचौक मात्र नको. त्यात पालघट देवी असते, तो लग्नाच्या विधीत सुवासिनी लिहितात. सोफ्यामागची सजावट म्हणून तो काढणं मला पटत नाही. आणि मजुरीत घासाघीस करू नका. चित्राखाली चित्रकाराची सही आवर्जून घ्या.