सही करण्याआधी

यवतमाळ,
कोजागरी पौर्णिमा

चि. छोटूस,


पुसदच्या दुर्गोत्सवात तुमच्या बँडनं स्वतःची दोन गाणी वाजवली आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, असं ताईनं फोनवर सांगितलं. जीव सुखावला. दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवूनही टाळ्या मिळाल्या असत्या, पण तुम्ही आपली वाजवलीत. मात्र एका कंपनीचा करार आलाय आणि तुम्ही चौघं सहीच्या घाईत आहात असंही कळलं, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट ऐक. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा बँड निघाला. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायला उदय बेनेगल. कॉलेजांच्या महोत्सवांत परदेशी गाण्यांचीच फर्माईश व्हायची, तरी १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. १९९३ मध्ये ते ‘इंडस क्रीड’ झाले, एमटीव्हीचा पुरस्कारही मिळाला, आणि १९९७ मध्ये बँड फुटला. बेनेगल न्यूयॉर्कला गेले, तिथे जयेश गांधींबरोबर दुसरा बँड उभा केला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, दोन वर्षांनी नवा अल्बम केला. इतक्या वर्षांनी एकमेकांसमोर बसून नवं गाणं रचता येणं, हे मला त्या पुरस्काराहून मोठं वाटतं. तुमची दोस्ती तशी टिकावी, ही माझी खरी इच्छा.

दोस्ती कशानं तुटते? बहुतेक वेळा, गाणं कुणाचं हे ठरलेलं नसतं म्हणून. इंग्लंडच्या ‘व्हॅम’मधल्या अँड्र्यू रिजलीला लोक नुसता जॉर्ज मायकेलचा जोडीदार समजत. १९८६ मध्ये जोडी फुटली, १९९० चा त्याचा एकट्याचा अल्बम चालला नाही, आणि तो झगमगाटापासून दूर कॉर्नवॉलला राहायला गेला. पण १९८४ च्या ‘केअरलेस व्हिस्पर’वर रचनाकार म्हणून त्याचंही नाव आहे, आणि त्या नावाचा हक्क बँड फुटल्यानं संपला नाही. उलट गोव्याची गायिका लॉर्ना बघ. एवढा गळा, पण ख्रिस पेरीच्या बँडशी करारानं बांधली गेली आणि दोन दशकांहून अधिक काळ गप्प राहिली. १९९५ मध्ये ‘हॅलो लॉर्ना’ हा अल्बम घेऊन परतली तेव्हा गोवा अक्षरशः लोटला. मधली वर्षं मात्र कुणी परत दिली नाहीत.

म्हणून आधी चौघं बसा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, ते गाण्यागणिक कागदावर लिहा आणि खाली चौघांच्या सह्या करा. ड्रमवाल्या पोरानं चालीत भर घातली असेल तर त्याचंही नाव घाला. आज हे बोलायला संकोच वाटेल, पैसे आल्यावर तर बोलताच येणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा निम्मा वाटा राखून दिलाय, तो करारात लिहून सोडता येत नाही. कंपनीच्या कागदात ‘सर्व हक्क कायमचे’ असं काही असेल तर तिथे पेन्सिलीनं खूण कर. किती वर्षं दुसरीकडे गायला बंदी आहे, तेही शोध. रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘आयपीआरएस’ संस्थेचं सभासदत्व शब्द लिहिणारा तू आणि चाल लावणारा, दोघांनीही घ्या.

दिवाळीला येशील तेव्हा कराराची प्रत घेऊन ये. दत्त चौकाजवळ माझ्या ओळखीचे वकील आहेत, त्यांच्याकडून ओळ न् ओळ वाचून घेऊ. तोवर सही करू नकोस. कंपनी घाई करत असेल तर मामाला विचारतो म्हणून सांग.

तुझा,
मामा