नरक्यातलं औषध मोजताना

पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या जंगलात नरक्या नावाचं झाड वाढतं. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असतं. १९६६ साली ते एका चिनी झाडातून शोधणाऱ्यांपैकी मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडलं. याच द्रव्यावरून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं घडली. मागणी वाढली, तशी सह्याद्रीतली झाडं तुटली. म्हणून एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर) कॅम्प्टोथेसिन मोजणाऱ्याच्या आकड्याला मी फार किंमत देतो. तो आकडा खरा यावा म्हणून पाळायच्या गोष्टी अशा.

१. पाटणच्या पावसाळ्यात वाळवलेली पूड बघता बघता ओल धरते. वजन करू त्याच दिवशी तिची ओल वेगळी मोजायची आणि टक्केवारी कोरड्या वजनावरच द्यायची. झाडाचा कुठला भाग, कुठल्या महिन्यातला, हेही लिहून ठेवायचं. अभयारण्यातली डहाळीसुद्धा परवानगीशिवाय तोडायची नाही.

२. मोबाइल फेजचा पीएच आधी ठरवा. कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतलं लॅक्टोनचं कडं अल्कलीत उघडतं, आम्लात परत मिटतं. उघडा प्रकार सी-१८ कॉलममधून लवकर सुटतो. दोन्ही प्रकार नमुन्यात राहिले, तर एकाच द्रव्याचे दोन पीक दिसतात आणि बेरीज बिघडते. बफर आम्लधर्मी ठेवला की पीक नीट उभा राहतो.

३. सुबक पीक एकट्याचाच असेल असं नाही. ९-मेथॉक्सीकॅम्प्टोथेसिन शेजारीच निघतं. ३७० नॅनोमीटरजवळ मोजलं की झाडातली इतर बरीच द्रव्यं गप्प बसतात. तरीही पीडीए डिटेक्टरवर पिकाच्या चढावरचा, माथ्यावरचा आणि उतारावरचा स्पेक्ट्रम जुळवून पाहायचाच.

४. आयसीएचच्या क्यू२ मार्गदर्शिकेप्रमाणे सरळ रेषेसाठी किमान ५ तीव्रता, अचूकतेसाठी ३ पातळ्यांवर मिळून किमान ९ मोजण्या. हे सगळं करतातच.

५. खरी कसोटी रिकव्हरीची. पुडीत शुद्ध स्टँडर्ड मिसळून ते ९९ टक्के परत मिळालं, म्हणजे लाकडातलं सगळं आलं असं होत नाही. वरून घातलेलं लगेच विरघळतं. पेशींत अडकलेलं हट्टी असतं. म्हणून चोथा टाकायचा नाही. त्यावर ताजं मिथेनॉल घालून सोनिकेट करायचं, गाळायचं, इंजेक्ट करायचं. पीक दिसला तर पुन्हा तेच. चोथ्यातून काही येईनासं झालं, की मगच अर्क काढण्याची वेळ ठरवायची. वेळखाऊ आहे, पण बेसलाइन सपाट दिसेपर्यंत मी कुठल्याही टक्केवारीवर सही करत नाही.

६. हीच मोजणी दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या कॉलमवर एकदा करून घ्या.

७. पानांसाठी पद्धत पुन्हा सिद्ध करावी लागते. तिथे प्रमाण कमी आणि हरितद्रव्याचा गोंधळ जास्त. लाकडासाठी बसवलेली रेंज तिथे उपयोगी पडत नाही. एलओक्यू, म्हणजे खात्रीने मोजता येणारं किमान प्रमाण, खाली आणायलाच हवा. पानं खुडून भागलं तर खोड उभं राहतं. आमच्या टेबलावर सध्या तेच काम चालू आहे.