पिन त्यांचा त्यांनाच ठाऊक असू दे

‘हिला मोबाईलमधलं कळतं’ असं एकदा घरात ठरलं, की हळूहळू सगळ्यांच्या किल्ल्या त्या एका माणसाच्या जुडग्यात जमा होतात. आमच्या कुटुंबात ते माणूस मी. सांगलीतल्या एका पतसंस्थेत संगणकावर काम करते, एवढीच माझी पात्रता. जावेची लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, सासूबाईंचा गॅस, शेजारच्या काकूंचं महावितरणचं बिल, आणि दादाची ई-पीक पाहणी. तो बांधावर उभा राहून फोन करतो, “फोटो घेतच नाही गं हे!” आणि मी इथून एकेक पायरी सांगते.

हे काम मला मनापासून आवडतं. माझे चुलत सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, निवृत्त शिक्षक आहेत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत रांगेत उभे राहत. फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून त्यांचा ‘जीवन प्रमाण’ दाखला घरच्या घरी निघाला, तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. म्हणून पुढचं वाचून कोणी मदत करणं थांबवू नये. कशी करावी, एवढंच मला सांगायचं आहे.

अण्णांचा यूपीआय पिन मला माहीत होता. “सूनबाई, तूच टाक, माझं बोट भलतीकडेच पडतं,” असं ते म्हणत. एकदा त्यांच्या रिचार्जचे पैसे कापले गेले, पण रिचार्ज झाला नाही. मी कामावर होते. त्यांनी इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधला, तो भामट्याचा निघाला. त्याने पैसे परत देतो म्हणून एक ॲप घ्यायला लावलं. त्या ॲपमधून अण्णांच्या स्क्रीनवरचं सगळं त्याला दिसत होतं, ओटीपीसुद्धा. खात्यातली मोठी रक्कम गेली आणि अण्णांनी कोणालाच सांगितलं नाही.

पुढे पासबुक भरून आणल्यावर त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं. त्याने साधाच प्रश्न विचारला, “अण्णांचा पिन कोणाकोणाला माहीत आहे?” उत्तर होतं, अण्णांना आणि वहिनीला, म्हणजे मला. कोणी माझ्यावर आळ घेतला नाही. पण त्या प्रश्नानंतर खोलीत जी शांतता पसरली, ती मी आयुष्यभर बाळगीन. खात्याचा उतारा काढला, पैसे भलत्याच नावावर गेलेले दिसले आणि अण्णांना रडू फुटलं. का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर म्हणाले, “पुन्हा ओरडला असता तुम्ही.” आधी एकदा त्यांच्या हातून लग्नाचे फोटो उडाले होते, तेव्हा मुलाने त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. तक्रार नोंदवेपर्यंत पैसे पुढच्या खात्यातून काढलेही गेले होते.

दुसऱ्याचा पिन आपल्याला माहीत असणं ही सेवा नव्हे, दोघांसाठीही धोका आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं त्यालाच सोसावं लागेल. त्यात सुनेचा, मुलाचा अपवाद नव्हता. आता कोणी फोन पुढे केला की पिनच्या वेळी मी तोंड फिरवते. वेळ लागतो. लागू दे. लिहून ठेवायचाच असेल, तर त्यांच्या अक्षरात, त्यांच्या वहीत, त्यांच्या कपाटात. खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही त्यांचाच हवा. अनेक घरांत आईच्या खात्याचा ओटीपी पुण्याच्या मुलाला येतो, आणि तो विमानात असला की औषधांचे पैसे अडकतात.

शिकवताना फोन त्यांच्या हातात राहू द्या. आपण झरझर करून दिलं की काम होतं, पण पुढच्या महिन्यात तेच काम परत येतं. फोनची भाषा मराठी करा, पायऱ्या मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, एका बैठकीत एकच गोष्ट घ्या. माझ्या सासूबाई आता गॅस स्वतः नोंदवतात. मेमरी भरल्याची तक्रार तर बहुधा व्हॉट्सॲपवरच्या शुभ सकाळच्या चित्रांमुळे असते. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं सेटिंगमध्ये बंद केलं, की निम्मा त्रास मिटतो. मात्र काहीही पुसण्यापूर्वी बॅकअप आहे का, ते बघा. गेलेल्या माणसाचा आवाज कित्येकदा त्या एकाच फोनमध्ये असतो.

काही कामांना मी नाही म्हणते. कर्ज देणारी ॲप, शेअरचे ग्रुप यांत मी हात घालत नाही. “तिचा फोन जरा बघ, कोणाशी बोलते ते,” असंही मला विचारलं गेलं आहे. सुनेचा असो, मुलीचा असो, कोणाचाही फोन तिच्या नकळत मी उघडणार नाही, आणि तुम्हीही उघडू नका. नातं कितीही जवळचं असलं, तरी याला मदत म्हणत नाहीत.

आणि ओरडू नका. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ. फसलेला माणूस आधी तुम्हाला सांगेल की लपवेल, हे मागच्या वेळी तुम्ही कसे बोललात त्यावर ठरतं, आणि अशा प्रकरणात पहिला तासच मोलाचा असतो. त्या तासात १९३० या हेल्पलाइनवर आणि बँकेत कळवलं, तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, रात्री दोन वाजता उठवा, एक शब्द बोलणार नाही. सोबत तीन गोष्टी रोज बोलता बोलता सांगत असते. पैसे घ्यायला पिन लागत नाही. लग्नपत्रिका म्हणून आलेली ‘एपीके’ फाइल उघडायची नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवरचा पोलीस खोटा, फोन ठेवून द्यायचा.

तुम्हीही तुमच्या घरातली मी असाल, तर आज संध्याकाळी एवढं करा. ज्यांचे पिन तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांना ते त्यांच्याच हाताने बदलायला लावा, नवा पिन बघू नका, आणि त्यांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर मराठी नावाने जतन करून द्या.