पहाटे पिकअप का थरथरते?

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदवलं जातं. पारा सात-आठ अंशांवर आला की भाजी, मासळी, धान वाहणाऱ्या जुन्या डिझेल पिकअप पहाटे त्रास द्यायला लागतात. कोहमाऱ्याच्या नाक्यावर डिझेल इंजिनं खोलणारा मामा आणि नवेगावबांधहून गोंदियाच्या बाजारात माल नेणारा भाचा, या दोघांचं हे बोलणं.

भाचा : मामा, दिवसभर गाडीची काही तक्रार नाही. पहाटे मात्र लांबलचक सेल्फ मारावा लागतो. सुरू झाली की सारी बॉडी हलते, पांढरा धूर निघतो. पाचेक मिनिटांनी आपोआप ठीक होते. एका गॅरेजवाल्यानं चारही इंजेक्टर बदलायला सांगितलेत.

मामा : त्याच्याकडं गाडी नेली कधी होती?

भाचा : दुपारी, माल उतरवून.

मामा : मग त्याला दोष दिसणार कुठून? इंजिन तापलं की हा दोष लपतो. थंडीतला दोष थंडीतच धरावा लागतो. आज रात्री गाडी इथं उघड्यावर राहू दे. सकाळी मी येईपर्यंत चावीला कोणी हात लावायचा नाही.

भाचा : पण थंडीनं एवढं बिघडतं काहून?

मामा : डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबानंच हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि डिझेलचा फवारा तिच्यात पेटतो. पहाटे हेड, पिस्टन, सिलिंडर सगळं गारठलेलं असतं, हवेची उष्णता ते लोखंडच ओढून घेतं. सेल्फ हळू फिरला तर उष्णता निसटायला आणखी वेळ मिळतो. मग काही डिझेल जळतं, उरलेलं न जळताच सायलेन्सरमधून बाहेर येतं. तुझा धूर डोळ्यांना झोंबतो का?

भाचा : चांगलाच. कच्च्या डिझेलचा वास येतो.

मामा : मग तो डिझेलचाच. वास गोडसर असता आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असतं, तर मी आधी हेड गॅस्केट पाहिलं असतं.

भाचा : उद्या सुरुवात कशापासून करणार?

मामा : सेल्फच्या आवाजापासून. तो रेंगाळत फिरला तर बॅटरी आणि अर्थ. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली गेले तर एक तर बॅटरी थकली, नाही तर टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली, नाही तर इंजिन-चेसिसमधली अर्थची पट्टी गंजली. पट्टी घासून बसवायला पैसे लागत नाहीत, पण तिच्याकडं कोणी पाहतच नाही.

भाचा : सेल्फ तर जोरात फिरतो.

मामा : मग दुसरी गोष्ट. चावी फिरवण्याआधी फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा. त्यानंतर गाडी झटकन उठली, तर रात्री डिझेल टाकीकडं उतरतंय, म्हणजे पाइपच्या जोडात किंवा फिल्टरच्या सीलमध्ये हवा शिरतेय. फिल्टरआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. फिल्टरच्या तळाचं पाणीही त्याच वेळी सोडायचं.

भाचा : आणि पंप मारूनही काही फरक नाही पडला तर?

मामा : तुझ्या गाडीत मला तेच वाटतं. पेटते, पण एक-दोन सिलिंडर मिस करतात आणि तापल्यावर ठीक होतात, ही हीटर प्लगची खूण. त्याचं टोक काही सेकंदांत आठशे-हजार अंशांपर्यंत लाल होतं आणि गारठलेल्या सिलिंडरला पहिली ऊब देतं. चारांतले दोन मेले तर गाडी दोनवरच पेटते, म्हणून बॉडी हलते.

भाचा : डॅशबोर्डवर कॉइलचा दिवा लागतो की!

मामा : बऱ्याच गाड्यांत तो दिवा फक्त वेळ दाखवतो, प्लग तापला की नाही ते त्याला कळत नाही. मी चारही प्लगांची जोडपट्टी काढीन, बॅटरीच्या प्लसला टेस्ट लॅम्पची एक तार आणि दुसरं टोक एकेका प्लगच्या डोक्याला लावीन. ज्यावर दिवा लागणार नाही तो मेलेला. चारही चांगले निघाले तर फ्यूज, रिले, आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. सेन्सरनं गार इंजिनाला गरम सांगितलं तर कंट्रोलर हीटरला करंटच देत नाही.

भाचा : मेलेले प्लग मीच काढू का?

मामा : घाई नको. आदल्या दिवशी चुडीवर गंज सोडवणारं तेल, मग इंजिन कोमट असताना हलक्या हातानं पाना. जोर केला तर टोक हेडमध्ये तुटतं आणि हेड उतरवावं लागतं. बदलायचे तर चारही बदलावे, एक गेला की बाकीचेही म्हातारेच असतात. आणि कॉमन रेलच्या पाइपचा नट चालू इंजिनावर कधी ढिला करायचा नाही. जुने मिस्त्री मिस करणारा सिलिंडर तसाच शोधायचे, पण हिच्यात दाब हजार बारच्या वर जातो, फवारा कातडी फोडून आत घुसतो.

भाचा : गावात काही जण टाकीखाली शेकोटी पेटवतात. म्हणतात, डिझेल गोठतं.

मामा : ते पाहिलं की माझा जीव वर येतो! पाइप नासतात, वायरिंग जळतं, गाडीच पेटू शकते. हिवाळी डिझेलचं मानक असं, की ६ अंशांपर्यंत त्यानं फिल्टर तुंबवायला नको. उन्हाळी डिझेलला हीच मर्यादा १८ अंश. म्हणून जुनं, महिनोन्महिने पडून असलेलं डिझेल तेवढं टाळायचं. गोंदियाच्या थंडीत गाडी अडते ती बहुतेक वेळा प्लग, बॅटरी नाही तर हवेमुळं. इथरचा स्प्रेही मारू नकोस. लाल प्लगवर तो पडला की स्फोट होतो, पिस्टन फुटू शकतो.

भाचा : सगळं ठीक निघालं तर इंजेक्टर बदलायचेच?

मामा : आधी परतीच्या नळ्यांना चार बाटल्या लावू आणि इंजिन थोडं चालवू. ज्या बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमेल, तो इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवू. बाकीच्या तिघांना हात लावायचा नाही.